मैनाबाईंचं अस्सल पेप्टाईड

मैनाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचा हेवा केला नाही, असं त्या स्वतःच सांगत. आणि अकोल्याची जाऊ सोडली, तर ते खरंही होतं.

गळ्यात तुळशीची माळ, दिवस उजाडायच्या आत तुळशीला पाणी, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि देवाला दाखवल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही हा रोजचा नेम. अशा बाईच्या मनात मत्सर शिरणार तरी कुठून? पण घुशीला कुठं दार लागतं? ती खालून पोखरत येते. मैनाबाईंच्या मनात ती रागिणीच्या गालांवरून आली.

झालं असं, की अकोल्यात नात्यातला एक साखरपुडा होता. हॉल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मैनाबाई दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या, पदरानं वारा घेतला आणि ओळीनं शिंकायला लागल्या. त्यांच्या शेजारून त्यांची धाकटी जाऊ रागिणी पेढ्यांचं ताट घेऊन वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. श्वास लागलेला नाही. गाल तर असे, की वरूडच्या बागेतलं मृगबहाराचं संत्रंच.

"काय व रागिणी," मैनाबाईंनी गोड आवाजात विचारलं, "चेहऱ्याले काय लावून राहिली आजकाल?"

"लावत नाही बाई, घेते. पेप्टाईड. आकांक्षानं पुण्याहून पाठवलं. एक लिव्हरचं, एक इम्युनिटीचं." आणि रागिणी पुन्हा वर गेली.

एवढ्यावर भागलं असतं, तर मैनाबाईंनी एक जप जास्त करून मन शांत केलं असतं. पण हे सगळं बेबीताईंनी पाहिलं. बेबीताई म्हणजे मैनाबाईंची थोरली नणंद, तिवशाला दिलेली. माहेरच्या घराण्याचं हायकोर्ट तेव्हापासून तिवशालाच होतं. त्या पायरीपाशी थांबल्या आणि सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाल्या, "मैना, तुह्यानं आता होत नाही व. मले वाटते, औंदा महालक्ष्म्या रागिणीकडे नेल्या पाह्यजेत."

मैनाबाईंची शिंक नाकातच राहिली.

महालक्ष्म्या म्हणजे भादव्यात उभ्या राहणाऱ्या ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांचे पितळी मुखवटे लग्न होऊन आल्यापासून अमरावतीला मैनाबाईंच्या कपाटात, लाल कपड्यात. वर्षभर मैनाबाई म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या खुशालरावांची मंडळी, गॅस आला का पाहणारी आणि भाजीवाल्याशी वाद घालणारी. पण त्या तीन दिवसांत सगळं घराणं त्यांच्या दारात येई, सोळा भाज्यांचा स्वयंपाक त्या एकट्या सोवळ्यात करीत, आणि रागिणी बाहेर ओसरीत बसून कोथिंबीर निवडी. ते तीन दिवस गेले, तर मैनाबाईंकडे उरलं काय? शिंका.

"ताई, मले काय झालं?" त्या कशाबशा म्हणाल्या.

"पोया झाला की पाहू," हायकोर्टानं तारीख दिली. "तवापर्यंत तब्येत सुधारली तं ठीक. नाही तं मुखवटे अकोल्याले."

घरी येताच मैनाबाईंनी सोनोग्राफी केली. लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर भला माणूस होता, पण बोलायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं विचारलं, "उपास किती करता?" मैनाबाईंनी नम्रपणे, थोड्या अभिमानानंच, सगळे सांगितले. "आणि उपासाला खाता काय?" साबुदाण्याची उसळ, साबुदाण्याचे वडे, बटाट्याचा चिवडा, शेंगदाण्याचे लाडू. डॉक्टर म्हणाला, "काकू, उपास सोडा. रोज साधं जेवा आणि संध्याकाळी फिरायला जा. लिव्हर ठीक होईल."

उपासानं लिव्हर बिघडतं! इतकी वर्षं देवासाठी साबुदाणा खाल्ला, त्याचं हे फळ? पेप्टाईडचं विचारलं, तर तो म्हणाला, "फायदा होतो असा भरवशाचा पुरावा अजून माझ्या वाचनात नाही. पैसे वाचवा." मैनाबाईंनी मनात त्याला क्षमा केली आणि पायरी उतरता उतरता हैदराबादला मुलाला फोन लावला.

"गोपाल, मले पेप्टाईड पाह्यजे. रागिणीकाकू घेते त्याच्याहून भारी."

"आई, कोणतं? चिक्कार प्रकार आहेत."

"जे तिच्याजवळ नाही थे."

तुलना सुरू झाली ती अशी. गोपाल रोज मोबाईलवर नवी नावं पाठवी. एक म्हणे रशियातल्या शास्त्रज्ञांच्या पद्धतीचं, एक इथल्याच कुठल्यातरी कंपनीचं स्वस्त. मैनाबाई चष्मा लावून ती वाचत आणि शेजारचे सूर्यभान समजावून सांगत. सूर्यभान कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना जगातल्या सगळ्या रोगांवर कपाशीचा दाखला सापडे.

"वहिनी, हे म्हंजे अस्सं हाय," ते खुर्ची ओढून बसले. "कपाशीवर मावा आला की आपन फवारनी करतो. थे झालं औषध. पन झाडाले आतून हुकूम देल्ला की बाबा, तूच मावा झाड, तं थे झालं पेप्टाईड. बारीक बारीक तुकडे असतात. थे लिव्हरच्या कानात जाऊन सांगतात, ऊठ, कामाले लाग."

"पन लिव्हरलेच जाऊन सांगतात कशावरून? रस्त्यात भलतीकडे गेले तं?"

"थेच तं शास्त्र हाय! लिव्हरचं लिव्हरले, गयातल्या गाठीचं गाठीले. ज्याची माती त्याले." सूर्यभान चहाचा घोट घेत थांबले. आता वाटतं, मैनाबाईंनी इथंच एक प्रश्न आणखी विचारायला हवा होता. पण त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढं फक्त संत्र्यासारखे गाल होते.

खुशालरावांनी वर्तमानपत्रामागून एकदा विचारलं, "अवं, डॉक्टर तं फिराले जाय म्हने ना?"

"फिराले गेल्यावर लोक विचारतीन, काहून फिरता. मंग सांगू का, जावेची जिरवाची हाय म्हनून?"

खुशालराव पुन्हा वर्तमानपत्रात गेले.

शेवटी सगळ्यांत महाग, ते रशियन पद्धतीचं ठरलं. पार्सल निघालं आणि नांदगाव पेठच्या बाजूला कुरिअरच्या गोदामात येऊन अडकलं. ओटीपी गेला खुशालरावांच्या जुन्या नंबरवर, आणि तो नंबर आता परतवाड्याच्या एका सलूनवाल्याकडे. त्याला फोन केला तर तो म्हणे, "काकू, आकडा सांगतो, पन यात हाय काय?" मैनाबाईंनी संकोचून "लिव्हरचं" एवढंच सांगितलं. त्यावर त्यानं आपल्या मेव्हण्याच्या पिण्याची कथा सुरू केली, आणि ती संपेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा मेव्हणा सुधारलेला होता, तिसऱ्यांदा पुन्हा प्यायला होता. शेवटी गोदामातल्या साहेबानं मैनाबाईंना खालपासून वर न्याहाळून म्हटलं, "काकू, दिसत तं नाही तुमी पेताड," आणि पार्सल दिलं. माळकरी बाईनं हेही ऐकून घेतलं. रागिणीच्या नावानं.

डबी हातात येताच त्यांनी आधी शाकाहाराचा हिरवा ठिपका शोधला. त्या बिस्किटापासून दंतमंजनापर्यंत सगळ्यावर ठिपका पाहत. इथं ठिपका नव्हता. त्यांनी गोपालला विचारलं. गोपाल मीटिंगमध्ये होता, तो म्हणाला, "आई, बाहेरून आलेल्या मालावर ठिपका नसतोच." खरंच आहे, मैनाबाईंना वाटलं, परदेशात ठिपका लावणार कोण?

नेम मोडायचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी स्नान करून त्यांनी चांदीच्या वाटीत दोन कॅप्सूल ठेवल्या, एक लिव्हरची, एक प्रतिकारशक्तीची. वर तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं, आणि रांगणाऱ्या बाळकृष्णाला डोळे मिटून नैवेद्य दाखवला. मग प्रसाद म्हणून गिळल्या. असं रोज. पोळ्याच्या दिवशी तर कॅप्सूल घेऊनच त्या दाराशी आलेल्या बैलजोडीला ओवाळायला गेल्या, आणि घास भरवताना त्यांना इतकं प्रसन्न वाटलं, की खुशालरावांना म्हणाल्या, "पाहा, गुन येऊन राहिला."

आता गुण आला की नाही, देव जाणे. पण मैनाबाईंना शिंक आली की त्या न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून शिंकत. रोज संध्याकाळी अकोल्याला फोन होई.

"कशी आहेस व रागिणी? मले तं बाई आजकाल थकवाच नाही."

"मले तं झोपच येत नाही बाई, एवढी ताकद."

"माहं अस्सल आहे ना. तुहं कोनतं?"

"माहंबी अस्सलच."

हे 'बी' मैनाबाईंना सहन होईना. नागपंचमीला त्या अकोल्याला गेल्या होत्या, तेव्हा रागिणी चहा ठेवायला आत गेली आणि तिच्या डबीतली एक कॅप्सूल मैनाबाईंच्या पदराला आली. उचलली असं म्हणता येणार नाही. सूर्यभाननी आता दोन ग्लासांत पाणी घेऊन दोघींच्या कॅप्सूल सोडल्या. मैनाबाईंची स्वच्छ विरघळली. रागिणीच्या कॅप्सूलचा तळाशी गोळा बसला, भिजलेल्या पिठासारखा. "डुप्लिकेट!" सूर्यभाननी निकाल दिला. "तांदयाचं पीठ हाय, वहिनी. तुमचं मात्र शंभर टक्के अस्सल."

त्याचा व्हिडिओ घराण्याच्या ग्रुपवर गेला. खाली मैनाबाईंनी लिहिलं, 'कुणाला दुखवायचा हेतू नाही. सर्वांनी सावध राहावे,' आणि दोन हात जोडले. बेबीताईंनी पसंतीचा अंगठा पाठवला. रागिणीनं तो पाहिला, एवढं ग्रुपवर दिसलं. मैनाबाईंना त्या रात्री फार गाढ झोप लागली.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगराखालचं धान्य नाही, हातानं लावलेल्या परसातल्या भाज्या तेवढ्या चालतात. सकाळी वाटीतल्या कॅप्सूलवर तुळशीपत्र ठेवून पाणी फिरवताना मैनाबाईंचा हात थांबला. ही बैलाच्या कष्टाची आहे का? आहारात शंका नको. त्यांनी डबीवरच्या नंबरवर फोन लावला. तिकडून एक गोड पोरगी बोलली.

"पोरी, मले एवढंच सांग, याच्यात बैलाचे कष्ट आहेत का?"

"एक मिनिट होल्ड करा, मॅडम." बासरी वाजली. मग पोरगी आनंदानं परत आली. "नाही मॅडम, बैल आम्ही अजिबात वापरत नाही. फक्त लहान वासरांचं घेतो. एकदम प्युअर."

"वासराचं काय घेता व?"

"इम्युनिटीच्या कॅप्सूलमध्ये गळ्याखालची ग्रंथी असते मॅडम, आणि लिव्हरच्या कॅप्सूलमध्ये लिव्हर. अजून काही मदत करू शकते?"

मैनाबाईंना कुणीच मदत करू शकत नव्हतं. त्यांनी देवघराकडे पाहिलं. बाळकृष्ण रांगत होता, हातात लोण्याचा गोळा. शेजारी पितळेची छोटी गाय, आणि तिच्या पोटाशी वासरू. समोर चांदीची वाटी. वर तुळशीपत्र.

त्यांनी वाटी देवासमोरून ओढली, ती फरशीवर पडून खणखणली. गुराख्यालाच, रोज सकाळी, डोळे मिटून!

खुशालराव धावत आले. सगळं ऐकून त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पन शिंका तं कमी झाल्या होत्या ना?" इतक्या वर्षांच्या संसारात मैनाबाईंनी त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ते बाहेर जाऊन गाडी पुसू लागले.

मैनाबाईंनी डोक्यावरून पाणी घेतलं, गुळण्या केल्या, पुन्हा पाणी घेतलं. मग रडल्या. आणि रडता रडताच त्यांच्या मनात एक अतिशय चमत्कारिक आशा उगवली. त्या ओल्या केसांनी सूर्यभानच्या दारात गेल्या.

"भावजी, माहं डुप्लिकेट असू शकते का हो?"

"छ्या! काय बोलता वहिनी!"

"पन थोडंसं? जरा नीट पाहा ना."

"मी माह्या हातानं टेस्ट केली. अस्सल म्हंजे अस्सल! कोनी काही म्हटलं का तुमाले? नाव सांगा, मी बोलतो त्याच्याशी."

परवा महालक्ष्म्या उभ्या राहायच्या होत्या. वासराचं उचलून तोंडात घातलेल्या हातांनी सोवळ्यातला स्वयंपाक करायचा? तोही कुणाला न सांगता, आणि वर ज्येष्ठेच्या डोळ्याला डोळा द्यायचा? ते मैनाबाईंच्यानं झालं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी अकोल्याची एसटी पकडली. मूर्तिजापूर येईपर्यंत देवाचं नाव घेतलं. मूर्तिजापूर गेलं आणि घूस पुन्हा पोखरू लागली. आपण पेप्टाईड घेतो, तशी रागिणीही घेते. मग रागिणीचं तेवढं ताईंच्या कानावर घातलं तर? दुःखानं. हळूच. आपलं नंतर, कधीतरी, निवांत सांगता येईल.

रागिणीकडे बेबीताई आधीच येऊन बसल्या होत्या. नुसत्या बसल्या नव्हत्या, स्वयंपाकघरात उभं राहून ओटा किती लांब आहे ते वितीनं मोजत होत्या. ते पाहून मैनाबाईंचा मूर्तिजापूरनंतरचा सगळा विचार एकदम तोंडावाटे बाहेर आला.

"ताई, सांगू नये, पन सांगते. रागिणी जे पेप्टाईड घेते ना, थे वासराच्या लिव्हरचं असते."

बेबीताईंची वीत हवेतच राहिली. "काय म्हन्ते?"

रागिणी पांढरी पडली. पण ती अकोल्याची होती. एका श्वासात सावरली आणि फडताळावरचा मोबाईल काढला. "ताई, हे पाहा. माहं तं तांदयाचं पीठ आहे. बाईंनीच ग्रुपवर सिद्ध केलं. अस्सल तं बाईंचं आहे, शंभर टक्के." मग थांबून, हळूच, "आन् बाई, माह्या डब्बीतली गोयी तुमच्या गिलासात कशी काय गेली हो?"

मैनाबाई इतक्या हळू आवाजात बोलल्या, की बेबीताईंना वाकावं लागलं. "ताई, माहं... माहं अस्सल नसावं बहुतेक. त्या सूर्यभानले काय कळते? कपाशीचा मानूस."

"नाही नाही, तुमचंच अस्सल," रागिणी म्हणाली. "हैदराबादहून मागवलं. माहं स्वस्तातलं, नकली."

"तुह्या गालावर एवढं तेज आलं थे काय पिठानं आलं? तुहंच अस्सल, रागिणी. मी आज मान्य करते. माहं नकली."

"आन् तुमचा थकवा गेला थे काय नकलीनं गेला? तुमीच म्हनत होत्या, थकवा नाही म्हनून."

"खोटं बोलत होती मी! न्हानीत जाऊन शिंकत होती, नळ सोडून!"

"मीबी खोटंच बोलली! झोप येत नाही थे ताकदीनं नाही, तुमच्या फोननं!"

दोघी थांबल्या. दोघींनाही धाप लागली होती. रागिणीचे गाल लाल होते, पण ते संत्र्यासारखे नव्हते, रडण्याआधी होतात तसे होते. ती म्हणाली, "मलेबी एकदा वाटलं होतं बाई. लग्न होऊन आली तवापासून कोथिंबीरच निवडून राहिली मी. एकदा तरी पुरनाची कढई माह्या हातात यावी."

कोथिंबीर निवडणारीला मन असतं, हे मैनाबाईंच्या कुठल्याच पोथीत नव्हतं.

बेबीताईंनी ओट्यावर हात ठेवला. निकाल लागणार हे दोघींनाही कळलं. "दोघींपैकी कोनाचं अस्सल, कोनाचं नकली, थे एक देवालेच ठाऊक. पन सोवयात संशय चालत नाही. दोघींनीबी पंचगव्य घ्या. गाईचा अपराध, गाईच्याच दारात माफी. मुखवटे अमरावतीलेच राह्यतीन, घराण्याच्या लक्ष्म्या अशा भांडनापायी गावोगाव फिरत नसतात. पन औंदा चुलीजवळ दोघींनीबी पाऊल टाकाचं नाही."

"मंग सैपाक कोन करन, ताई? तुमी?"

"मी माहेरवाशीन. मले ताट वाढून पाह्यजे, उलथनं नाही." बेबीताईंनी बाहेर बघितलं. ओसरीवर रागिणीचे यजमान किसनराव शांतपणे पेपर वाचत होते. "घराण्याचे दोन पोरं हायत ना धडधाकट?"

महालक्ष्म्या आल्या. अमरावतीच्या त्या स्वयंपाकघरात खुशालराव आणि किसनराव ओल्या धोतरांनी कुडकुडत उभे राहिले. उंबऱ्याबाहेर पाट टाकून दोन्ही जावा बसल्या. "आंबील हलवा!" "डावीकडे नाही, उजवीकडे!" "थे मीठ नाही, सोडा होय!" सुरुवातीला दोघी वेगवेगळं ओरडत होत्या, नंतर एकदमच ओरडू लागल्या. भोपळ्याची भाजी करपली. पुरणपोळ्या लाटताना फाटल्या, किसनरावांनी त्यांची तोंडं दुमडून त्यांना वेगळंच रूप दिलं. कढीत गूळ किती गेला हे कुणालाच कळलं नाही.

आणि पंगत बसली.

"वा!" पहिल्या घासाला सूर्यभान म्हणाले. "काय कढी हाय! खुशालराव, हात द्या बापा इकडे!"

"भोपळ्याले चुलीचा वास कसा सुरेख लागला," कुणीतरी म्हणालं. ती भाजी गॅसवर झाली होती.

"पुरुष मानूस असून!" बायका एकमेकींना सांगू लागल्या. कुणी खुशालरावांचा फोटो काढला. कुणी किसनरावांना पोळीची रीत विचारली, आणि त्यांनी ती सांगितलीही, हातवारे करून. बेबीताईंनी तिसऱ्यांदा आंबील मागितली, बोटं चाटली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "मी सांगते, पुढल्या वर्षीबी खुशाल-किसनच्याच हातचं. असा सैपाक या घरात झाला नाही."

खुशालराव लाजले. खांद्यावरच्या पंच्यानं घाम पुसत ते एका खांबाला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं.

दारामागे मैनाबाई आणि रागिणी एका ताटात जेवत होत्या.

"बाई," रागिणी खालच्या आवाजात म्हणाली, "भोपया करपला होता ना?"

"कोयसा झाला होता."

"आन् कढी?"

"रसगुल्ल्याचा पाक." मैनाबाईंनी करपलेली फोड बोटानं बाजूला सारली, आतला बरा भाग रागिणीच्या बाजूला सरकवला आणि पंगतीकडे, खांबाला टेकलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. रागिणीनंही तिकडंच पाहिलं. या घरात आल्यापासून दोघींच्या पोटात आज पहिल्यांदाच एकाच वेळी, एकाच माणसावरून, एकसारखं जळत होतं.